‘द डेव्हिल्स रेन’ (१९७५) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सैतानपूजक पंथांवरच्या जुन्या भयपटांचा विषय निघाला की हे नाव येतंच, आणि पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. शेवटाबद्दलचे प्रश्न खाली वेगळे ठेवले आहेत आणि त्याआधी तशी सूचनाही दिली आहे.

हा नेमका कोणता चित्रपट?

१९७५ सालचा अमेरिकी भयपट. लांबी ८६ मिनिटं, दिग्दर्शक रॉबर्ट फ्यूस्ट. वाळवंटातल्या एका ओसाड गावात सैतानाची पूजा करणारा पंथ आहे आणि एका कुटुंबाशी त्याचं तीनशे वर्षांचं वैर आहे. हवा, पाऊस, मेणासारखे ओघळणारे चेहरे आणि शिंगं फुटलेला अर्नेस्ट बोर्गनाइन. ज्यांनी लहानपणी टीव्हीवर किंवा व्हिडिओ कॅसेटवर अर्धामुर्धा पाहिला, त्यांना नाव आठवत नाही, पण वितळणारी माणसं पक्की आठवतात. ‘तो पावसात माणसं विरघळतात तो सिनेमा कोणता?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

गोष्ट काय आहे? शेवट न सांगता सांगा.

पावसाळी रात्र. प्रेस्टन कुटुंब वडिलांची वाट बघतंय. वडील येतात, पण त्यांच्या डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा आहेत. ‘कॉर्बिसला त्याचा ग्रंथ परत द्या’ एवढा निरोप ते देतात आणि अंगणातच पावसात वितळून जातात. पहिल्या दहा मिनिटांत एवढं घडतं.

मुलगा मार्क (विल्यम शॅटनर) ग्रंथाचा वाद मिटवायला रेडस्टोन नावाच्या ओसाड गावात एकटाच जातो. तिथे जोनाथन कॉर्बिस (बोर्गनाइन) त्याची वाटच बघत असतो. दोघांत पैज लागते : तुझी श्रद्धा मोठी की माझी? मार्क पैज हरतो आणि पंथाच्या हाती सापडतो. मग त्याचा भाऊ टॉम, टॉमची बायको ज्युली आणि डॉ. रिचर्ड्स त्याला शोधायला निघतात.

ग्रंथात काय आहे? सैतानाला आत्मा विकलेल्या माणसांची नावं, त्यांनी स्वतःच्या रक्ताने लिहिलेली. तो ग्रंथ प्रेस्टन घराण्याकडे असल्यामुळे हे आत्मे कॉर्बिसला मालकाच्या हवाली करता येत नाहीत. इतक्या पिढ्या तो त्यांच्या मागे लागला आहे, तो यासाठी.

कोणाकोणाची कामं आहेत?

ही यादी वाचून लोक चक्रावतात. बोर्गनाइनला ‘मार्टी’साठी ऑस्कर मिळालेलं. आईच्या भूमिकेत आयडा लुपिनो, म्हणजे पन्नासच्या दशकात हॉलिवूडमध्ये दिग्दर्शन करणाऱ्या अगदी मोजक्या बायकांपैकी एक. डॉ. रिचर्ड्स झालाय एडी अल्बर्ट, शेरीफ कीनन विन, टॉम म्हणजे टॉम स्केरिट (चार वर्षांनी ‘एलियन’मध्ये जहाजाचा कप्तान झाला तोच). आणि शॅटनर. ‘स्टार ट्रेक’ची मालिका १९६९ मध्ये बंद पडलेली, त्यावरचा पहिला चित्रपट १९७९ मध्ये आला. हा चित्रपट त्या मधल्या वर्षांतला, मिळेल ते काम करण्याच्या काळातला.

कॅमेऱ्यामागची नावंही हलकी नाहीत. संकलक मायकल कान पुढे स्पीलबर्गचा कायमचा संकलक झाला आणि त्याला तीन ऑस्कर मिळाली.

जॉन ट्रॅव्होल्टा यात आहे असं ऐकलं. दिसत तर नाही?

आहे. मोठ्या पडद्यावरचं त्याचं हे पहिलंच काम. डॅनी नावाचा पंथाचा शिष्य. चेहऱ्यावर डोळे झाकणारा जाड मेकअप असल्यामुळे ओळखू येत नाही. हनुवटीकडे लक्ष ठेवलंत तर सापडेल. याच चित्रीकरणाच्या वेळी ज्युली झालेल्या जोन प्रेथरने त्याला सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाची ओळख करून दिली. तो आजही त्यातच आहे.

बोर्गनाइनने हे काम एवढं मनावर का घेतलंय?

कारण तो तसाच नट होता. मला विचाराल तर या चित्रपटाचा खरा आधार तोच.

रेडस्टोनमधलं पहिलं दृश्य नीट बघा. मार्क बंदूक घेऊन, दातओठ खात आलेला. समोर धुळीत उभा कॉर्बिस, काउबॉयच्या साध्या कपड्यांत, तोंडभर हसू. गावातला एखादा प्रेमळ काका बोलावा तसा बोलतो. आवाज चढत नाही, घाई नाही. त्याला ठाऊक आहे की हा पोरगा स्वतःच्या पायाने आत येणार. बोर्गनाइनचं ते दात दाखवणारं हसू प्रेक्षकांनी वीस वर्षं भल्या आणि बुऱ्या अशा दोन्ही माणसांच्या तोंडावर पाहिलेलं होतं, त्यामुळे इथे नेमकं काय समजावं हे कळत नाही. भीती तिथून सुरू होते.

नंतर लाल झगा येतो, मंत्र येतात आणि मग तो बोकड होतो. वळलेली शिंगं, केसाळ चेहरा, आणि त्याखालून बोर्गनाइनचे डोळे स्पष्ट ओळखू येतात. अशा मेकअपमध्ये बरेच नट एक तर घाबरून थंड काम करतात, नाही तर ‘मी काही हे गंभीरपणे घेत नाही बरं का’ असं प्रेक्षकाला डोळ्यांनी सुचवतात. बोर्गनाइन यातलं काहीच करत नाही. प्रत्येक शब्द तो पूर्ण विश्वासाने उच्चारतो.

दिग्दर्शकाने आणखी काय केलंय?

रॉबर्ट फ्यूस्ट इंग्रज. सुरुवात नेपथ्यकार म्हणून, मग ‘द अव्हेंजर्स’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेचं दिग्दर्शन. व्हिन्सेंट प्राइसला घेऊन त्याने १९७१ आणि १९७२ मध्ये डॉ. फाइब्जचे दोन चित्रपट केले, ते आधी बघाच. रंग, सजावट, चौकटीत माणूस कुठे उभा करायचा, याची त्याला उत्तम जाण होती. ‘डेव्हिल्स रेन’मध्येही रिकाम्या रस्त्याच्या टोकाला उभी एक काळी आकृती आणि उरलेला सगळा पडदा आकाश आणि धूळ, अशी दृश्यं आहेत. श्रेयनामावलीच्या मागे हिरॉनिमस बॉशची नरकाची चित्रं आणि विव्हळण्याचे आवाज आहेत. तेवढी दोन-तीन मिनिटंसुद्धा पुन्हा पुन्हा बघावीत अशी.

समीक्षकांनी मात्र हा चित्रपट झोडपला. त्यानंतर फ्यूस्ट बहुतेक टीव्हीकडेच राहिला. २०१२ मध्ये तो गेला.

हे ओसाड गाव कुठलं?

मेक्सिकोतलं दुरांगो. जॉन वेनचे कितीतरी वेस्टर्न चित्रपट तिथे झाले, सॅम पेकिनपाचेही. सैतानपूजकांचा चित्रपट म्हटलं की किल्ला, धुकं, जुनं थडगं असं युरोपी सामान डोळ्यांसमोर येतं. इथे रखरखीत ऊन, लाकडी चर्च आणि धूळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या पावसाची वाट बघावी अशा कोरड्या जागी वितळवणारा पाऊस आणण्याची कल्पना मला फार आवडते.

अँटन लाव्हे खरंच यात आहे का?

आहे. श्रेयनामावलीत तांत्रिक सल्लागार म्हणून त्याचं नाव आहे आणि पडद्यावर मुखवट्याआड एका पुरोहिताच्या छोट्या भूमिकेतही तो आहे. त्याची जोडीदार डायान हिचंही छोटं काम आहे.

लाव्हेने ३० एप्रिल १९६६ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत ‘चर्च ऑफ सेटन’ स्थापन केलं. युरोपी लोकसमजुतीत ती चेटकिणींची रात्र. गुळगुळीत डोकं, टोकदार दाढी, काळा रंग दिलेलं घर. पत्रकार आणि छायाचित्रकार त्याच्याकडे आपणहून येत. १९६९ मध्ये त्याचं ‘सेटॅनिक बायबल’ आलं. मग १९७३ मध्ये ‘द एक्झॉर्सिस्ट’ने तिकीटबारीवर धुमाकूळ घातला आणि सैतान हा विषय खपतो हे निर्मात्यांच्या लक्षात आलं. अशा वेळी ‘आमच्याकडे खरा सैतानपूजक सल्लागार आहे’ ही जाहिरात कोण सोडेल?

म्हणजे चित्रपटातला पंथ खऱ्या पंथासारखा आहे?

अजिबात नाही. आणि यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण या एका प्रश्नावर बराच गोंधळ आहे.

लाव्हेचं म्हणणं असं की देवही नाही आणि सैतानही नाही. सैतान हे माणसाच्या स्वतःच्या इच्छा-वासनांचं प्रतीक. लहान मुलांना इजा करू नका, स्वसंरक्षण किंवा अन्न याशिवाय प्राणी मारू नका, असं त्याच्या नियमांत लिहिलेलं आहे. त्याचे विधी म्हणजे बरीचशी नाट्यमय रंगभूमी होती. कॉर्बिसचा पंथ याच्या बरोबर उलट आहे : सैतान खराखुरा आहे, तो आत्मे गोळा करतो आणि करार मोडला तर पिढ्यांचा हिशेब मागतो.

मग कॉर्बिस आला कुठून? थेट सतराव्या शतकातल्या, अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधून. तिथे १६९२ मध्ये सेलम गावात चाललेल्या चेटूक-खटल्यांत साक्षीदारांनी वारंवार सांगितलं होतं की सैतान एक पुस्तक घेऊन येतो आणि त्यात सही करायला लावतो. चित्रपटातला रक्ताच्या सह्यांचा ग्रंथ तोच आहे. प्युरिटन (कर्मठ ख्रिस्ती) वस्तीतल्या एका मागच्या काळातल्या दृश्यात शॅटनर आपल्याच पूर्वजाच्या भूमिकेत दिसतो, आणि गावकरी कॉर्बिसला खांबाला बांधून जाळतात. इथे इतिहास मात्र चुकला आहे. सेलममध्ये एकालाही जाळलं नव्हतं. १९ जणांना फासावर चढवलं आणि एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. जाळणं ही युरोपातली रीत. पण चितेवरून शाप देणारा माणूस पडद्यावर जेवढा शोभतो तेवढा फासावरचा शोभत नाही, हेही खरं.

थोडक्यात, लाव्हेने झगे आणि चिन्हं पुरवली असतील, पण भीती जुन्या ख्रिस्ती मनातली आहे.

मग अशा पंथांच्या ज्या बातम्या येतात, त्या?

या चित्रपटानंतर आठ वर्षांनी कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण सुरू झालं. शाळेत सैतानी विधी होतात, शाळेखाली भुयारं आहेत असे आरोप झाले. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. तोवर अमेरिकाभर तशाच आरोपांचं पेव फुटलं होतं. एफबीआयच्या केनेथ लॅनिंगने १९९२ मध्ये अहवाल दिला : माणसांचे बळी देणाऱ्या संघटित सैतानी पंथांचा पुरावा सापडत नाही. दरम्यान कित्येक निरपराध माणसांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली होती.

मला हे सगळं भयपट बघणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. कॉर्बिस पडद्यावर हवाच. शेजाऱ्याच्या तळघरात तो शोधायला निघालेल्या लोकांनी खरा छळ केला.

‘हॅलोविन’मधल्या मुखवट्याशी याचा काय संबंध?

१९७८ च्या ‘हॅलोविन’मध्ये मायकल मायर्स या खुन्याच्या तोंडावरचा पांढरा मुखवटा हा मुळात दुकानात मिळणारा, ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे शॅटनरचा होता. केस बदलले, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फासला. त्या मुखवट्यासाठी वापरलेला चेहऱ्याचा साचा ‘डेव्हिल्स रेन’मध्ये शॅटनरचा डोळे नसलेला चेहरा बनवताना घेतला होता, असं चाहत्यांमध्ये नेहमी सांगितलं जातं.

मध्येच गोष्टीचा धागा सुटतो. माझं लक्ष नव्हतं का?

तुमचं लक्ष होतं. गोष्टच तुटक आहे. ज्युलीला अतींद्रिय दृष्टी आहे आणि डॉ. रिचर्ड्स तिच्यावर प्रयोग करतो, पण पुढे त्या शक्तीचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. मधली वीसेक मिनिटं तर नुसती ये-जा चालते. पटकथेवर तिघांची नावं आहेत आणि ती तिघांनी तीन दिशांना ओढल्यासारखी वाटते. हा दोष मी लपवणार नाही.

भीती वाटेल का? घरात मुलं आहेत.

अमेरिकेत याला पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा असं) प्रमाणपत्र होतं. रक्तपात फारसा नाही, नग्नता नाही. पण खोबणीत डोळे नसलेले चेहरे आणि वितळणारी त्वचा लहान मुलांच्या डोक्यात घर करते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने बघू देऊ नका. मोठ्यांना भीतीपेक्षा एक विचित्र अस्वस्थता जाणवेल.

रामसे बंधूंचे चित्रपट आवडतात. हा आवडेल?

नक्की. ‘पुराना मंदिर’ (१९८४) आठवा. सामरी हा सैतानाचा उपासक, त्याला राजा मृत्युदंड देतो, तो मरताना घराण्याला शाप देतो आणि पुढच्या पिढ्या ते भोगतात. कॉर्बिस आणि प्रेस्टन घराण्याचा सांगाडा हाच. फरक एवढाच की रामसेपटात मध्ये गाणी आणि विनोदी उपकथानक येतं, इथे विसावा नाही. मेकअपवर जीव टाकणारी, हाताशी असलेल्या पैशांत राक्षस उभा करणारी ती जिद्द दोन्हीकडे सारखीच दिसते.

याला ‘कॅम्प’ (भडक, अतिरंजित करमणूक) म्हणतात. म्हणजे हसण्यासाठीच बघायचा ना?

हसू येईल. शॅटनर किंचाळतो तेव्हा येईल, बोकडाच्या पहिल्या दर्शनाला येईल. मित्रमंडळी जमवून बघितलात तर जास्तच. पण फक्त टिंगल करायला बसलात तर अर्धा चित्रपट हातचा जाईल.

यात काम करणाऱ्या कोणीही वरवरचं काम केलेलं नाही. लुपिनो आंधळ्या चेहऱ्याने मुलासमोर उभी राहते आणि त्याला ओळखत नाही, तो क्षण कुठल्याही चांगल्या चित्रपटात शोभला असता. मेकअपवाल्यांनी दाखवलेली मेहनत आजही पडद्यावर दिसते. आपण जे करतोय ते हास्यास्पद ठरू शकतं हे माहीत असून ते मनापासून करणं, यालाच मी या चित्रपटाचं मोल मानतो. मुद्दाम वाईट बनवलेले हल्लीचे ‘विनोदी भयपट’ मला म्हणूनच दहा मिनिटंही सहन होत नाहीत.

*यापुढच्या दोन उत्तरांत शेवट उघड केला आहे. चित्रपट पाहिला नसेल तर ती सोडून पुढे जा.*

‘डेव्हिल्स रेन’ म्हणजे नक्की काय? आणि शेवटी ते सगळे वितळतात का?

ते एक नक्षीदार काचेचं पात्र आहे. कॉर्बिसने हिरावलेले आत्मे त्यात कोंडलेले असतात. जवळून पाहिलं की आत छोट्या पडद्यावर दिसावेत तसे लोक दिसतात, मुसळधार पावसात उभे, काचेवर हात आपटणारे. आत्मे आत आणि त्यांची रिकामी शरीरं बाहेर काळ्या झग्यात सेवेला उभी.

डॉ. रिचर्ड्स पात्र फोडण्याची धमकी देतो, पण शेवटी ते फोडतो मार्क. त्याच्यात उरलेला माणूस तेवढ्यापुरता जागा होतो. काच फुटते, वादळ येतं, छप्पर उडतं, पाऊस कोसळतो आणि शिष्य वितळायला लागतात.

हे वितळणं किती वेळ चालतं! जाहिरातीत ‘आजवरच्या कोणत्याही चित्रपटातला सर्वांत अविश्वसनीय शेवट’ असा दावा होता आणि निर्मात्यांनी दिलेला शब्द पाळला. गालावरून हिरवट-पिवळट द्राव ओघळतो, त्याला धूर सुटतो, नाक खाली घसरतं, हात झग्यातून घरंगळतो. कॅमेरा हलत नाही. तुम्हाला वाटतं आता पुरे झालं, तर पुढचा चेहरा. कुणी या लांबीला कंटाळतं, माझ्या मते तीच त्याची ताकद आहे. संगणक नव्हता. प्रत्येक चेहरा कुणीतरी हाताने घडवला, रंगवला, आणि नटाने तो अंगावर घेऊन चिखलात लोळण घेतली. डोळ्यांवर मेकअपचं आवरण असल्यामुळे त्यातल्या अनेकांना धड दिसतही नसणार.

अगदी शेवटचं दृश्य समजलं नाही. ज्युलीचं काय झालं?

टॉम तिला मिठी मारतो. कॅमेरा फिरतो, आणि त्याच्या मिठीत कॉर्बिस असतो. खरी ज्युली आता नव्या पात्रात बंद, काचेआडून बघतेय. म्हणजे जुने आत्मे सुटले, पण कॉर्बिस हरला नाही. त्याने नव्याने सुरुवात केली. टॉमला त्या क्षणी काहीच कळलेलं नाही, म्हणून ते जास्त बोचतं.

*इथून पुढे शेवटाबद्दल काही नाही.*

कुठली प्रत बघावी?

रुंद पडद्याचीच. जुन्या टीव्ही प्रतींमध्ये दोन्ही बाजू कापलेल्या असायच्या आणि फ्यूस्टची मांडणीच नाहीशी व्हायची, कारण तो माणसं चौकटीच्या कडेला उभी करतो. सेव्हरिन कंपनीने २०१७ मध्ये काढलेली ब्लू-रे स्वच्छ आहे. अंधारात आणि आवाज मोठा ठेवून बघा, शेवटच्या पावसाचा आवाज महत्त्वाचा आहे.

हा आवडला. आता पुढे काय बघू?

त्याच वर्षीचा ‘रेस विथ द डेव्हिल’. दोन जोडपी सुट्टीला निघतात, रात्री एक बळी बघतात आणि मग पंथ त्यांचा महामार्गावर पाठलाग करतो. पीटर फोंडा आणि वॉरन ओट्स आहेत. वेग हवा असेल तर हाच.

हॅमर कंपनीचा ‘द डेव्हिल राइड्स आउट’ (१९६८) यात सगळ्यांत नेटका. क्रिस्टोफर ली यात चक्क सज्जनांच्या बाजूने आहे आणि खडूच्या वर्तुळात काढलेली ती रात्र विसरता येत नाही.

काळ्या-पांढऱ्याचं वावडं नसेल तर १९३४ चा ‘द ब्लॅक कॅट’. कार्लोफ आणि लुगोसी समोरासमोर, कार्लोफ सैतानाचा पुजारी. जेमतेम तासाभराचा आहे. आणि मग १९४३ चा ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’, ज्यात न्यूयॉर्कमधले सैतानपूजक सभ्य कपड्यांत चहापानाला जमतात. बोकड नाही, पाऊस नाही, वितळणं तर नाहीच, तरी या यादीत सगळ्यांत जास्त दचकवतो तो हाच. तो मात्र शेवटी ठेवा.